मोठ्या वळणावरचा उंचवटा

४ मार्च, बुधवार
भिंतच आहे ती! रस्ता आपला म्हणायचा म्हणून. मोटारींच्या शर्यतींचा हा ट्रॅक चाळीस वर्षं बंद आहे. तोडण्याआधी काँक्रीटची जाडी मोजायला साहेबांनी मला पाठवलं. मोठ्या वळणावर रस्ता बाहेरच्या काठाकडे उभाच चढत जातो; तिथे चढायला गेले आणि अर्ध्यातून बसत बसत खाली आले. रखवालदार तोंड फिरवून हसला. एवढ्या वर्षांत एक भेग नाही. आमचे पूल चार वर्षांत मान टाकतात!

५ मार्च
वरच्या काठावर दर दहा फुटांवर लोखंडी कडी. झेंड्यांसाठी, म्हणे. एवढ्या जाड? काहीतरीच.

६ मार्च
बाबांना विचारलं. ट्रॅक बांधताना ते तिथे गवंडी होते, पण विषय काढला की उठून जातात. कड्यांचं ऐकून थांबले. "त्यांना आम्ही बांधलेलो असायचो." कमरेला दोर, वरून खाली सरकत थापी चालवायची. इतकं गुळगुळीत काम लटकून केलंय या माणसांनी! ऊर भरून आला.

उद्या चला, दाखवा मला, म्हटलं. चेहराच उतरला. उंचवटा अजून आहे का, एवढंच विचारलं.

आहे. वळणाच्या मधोमध, तीन बोटं उंच. शेवटच्या शर्यतीत तिथेच गाडी उडाली, चालक गेला, वर्षभरात फाटकाला कुलूप. हे सगळ्यांना ठाऊक. आज कळलं ते वेगळंच — तो पट्टा बाबांचा. मी जन्मल्याचा निरोप आला तेव्हा ते दोराला लटकलेले. काँक्रीट सपाट करणारी शेवटची पट्टी न फिरवताच धावत सुटले. "जास्तीचा माल तिथेच राहिला. त्याचा जीव माझ्यामुळे गेला."

माझ्या वाढदिवसाला हा माणूस गप्प का असतो, ते पन्नासाव्या वर्षी समजलं.

९ मार्च
उद्या उंचवट्यावर भोक पाडून जाडी मोजणार. माल जास्त असेल तर आकडा वाढणारच. नको वाटतंय.

१० मार्च
उंचवट्यावर साडेसात इंच. अलीकडे साडेसात. पलीकडेही साडेसात! खालचा मातीचा भराव दोन्ही बाजूंना खचलाय, म्हणून मधला भाग वर राहिलाय, बस्स. बाबांची पट्टी त्या दिवशी शेजारच्या दोरावरच्या कुणीतरी फिरवली असणार — आणि बोललाही नाही!

तिथूनच फोन केला. आकडे दोनदा सांगितले.

बाबा म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"