तेवीस कुंड्या आणि पायजम्याच्या नाड्या

प्रिय ठमे,

आधी बातमी सांगते, मग बाकीचं. तेवीसच्या तेवीस कुंड्या जिवंत आहेत! पंधरा दिवस मी त्यांच्याकडे फिरकलेसुद्धा नाही, तरी एकीनेही मान टाकलेली नाही. आता तू विचारशील, पंधरा दिवस तू होतीस कुठे? तर मी गावाला गेले होते. तळमजल्यावर.

हसू नकोस. गेली पाच वर्षं तू मला तुझ्याकडे बोलावतेस आणि मी दर वेळी झाडांचं कारण पुढे करते. तुझा नवरा मला पाठीमागे वनखातं म्हणतो, हेही मला ठाऊक आहे. म्हणून ठरवलं, निघायचं तर आधी रंगीत तालीम करायची. पिशवी भरली, कुलूप लावलं, किल्ली खाली राहणाऱ्या, पोस्टात काम केलेल्या बाईंच्या हाती दिली आणि त्यांच्याच पुढच्या खोलीत मुक्काम ठोकला. त्या निवृत्त झाल्या असल्या तरी शिस्त काउंटरवरचीच आहे.

पहिली तालीम साफ फसली. युक्ती बाईंचीच होती. पाण्याची बादली स्टुलावर ठेवायची, दोऱ्याचं एक टोक पाण्यात सोडायचं, दुसरं कुंडीतल्या मातीत खोचायचं, म्हणजे माती लागेल तेवढं पाणी ओढून घेते. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला दोऱ्यातलं काय सांगता, अशा तोऱ्यात मी माझं सगळ्यात भारी, न तुटणारं पॉलिएस्टरचं रीळ काढलं. चार दिवसांनी वर जाऊन बघते तर बादली काठोकाठ भरलेली आणि खिडकीतला नेचा पार लोळलेला. अगं, पॉलिएस्टर पाणी पितं का कधी? उन्हाळ्यात सुतीच घ्या, हे घाम शोषत नाही, असं गिऱ्हाइकांना जन्मभर मीच ऐकवत आले. स्वतःच्या झाडांच्या वेळी मात्र अक्कल गहाण पडली. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

नेचा सावरल्यावर दुसरी तालीम, या वेळी पुरे पंधरा दिवस. शिवणाच्या कपाटात पायजम्याच्या सुती नाड्यांचं अख्खं भेंडोळं पडून होतं. त्या नीट भिजवल्या आणि कापून कुंडीकुंडीत खोचल्या. पिवळी पानं खुडली, सगळ्यांना आदल्या दिवशी पोटभर पाणी दिलं आणि उन्हातून हलवून मागच्या खोलीत एकमेकांना खेटून बसवलं, म्हणजे ओल टिकते. कोरफडीला मात्र नाडी दिली नाही, तिला उपासच मानवतो. मग पडदा अर्धा ओढला आणि जिना उतरले.

तिसऱ्याच दिवशी माझा जीव कासावीस झाला. बाईंकडे किल्ली मागितली, नुसतं दारातून बघते म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्ही गावाला गेलाय ना, मग तिथून रोज कुणी परत येतं का? मी रागावले, जेवले नाही. जिन्यात जाऊन बसले, तर तिथे येऊन त्यांनी साळसूदपणे विचारलं, प्रवास कसा चाललाय? तेव्हा मात्र मला हसू फुटलं.

आणि मग त्या हसण्यातून रडू आलं, ठमे. तुला कधी बोलले नाही, आज बोलते. तुझे बाबा गेले तेव्हा मी तुझ्या मावशीकडे होते. जेमतेम तीन दिवसांसाठी गेले होते. निघताना ते जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि मी परतले तेव्हा घरात ते नव्हते. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं आहे, दाराला कुलूप लावून आपण पाठ फिरवली की घरातलं कुणीतरी जातं. झाडं हा बहाणा होता. बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला, पण किल्ली दिली नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं. आत गेले, पडदा सारला आणि अगं, काय सांगू! सगळी हिरवीगार. जो नेचा माझ्या हातून वर्षभर पिवळा पडत होता, त्याला पाच नवे कोंब! बाई म्हणाल्या, तुमच्या रोजच्या पाण्यानेच गुदमरत होता बिचारा. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी त्यांना धरून त्या खोलीत चक्क गिरकी घेतली, एक बशी फुटली, फुटू दे.

आता निघण्याचं खरं कारण लिहिते. गेल्या महिन्यातल्या फोनवर तू तब्येत विचारलीस, हवापाणी विचारलंस, पण पाच वर्षांत पहिल्यांदाच "आई, ये ना" म्हणाली नाहीस. फोन ठेवल्यावर ते माझ्या लक्षात आलं. त्याच दुपारी पिशवी भरायला घेतली होती. तर ऐक, येत्या शनिवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, परतीचं काढलेलं नाही. बोलावणं नसलं तरी मी येते आहे. स्टेशनवर ये.

तुझीच,
कुलूप लावून निघालेली आई