आमच्या गावातलं काम संपलंय

आदरणीय लालासाहेब दाजी यांस,

कडेगावाहून तुमचा धाकटा मेहुणा भाऊसो याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता पलटणीत असल्यासारखा चालतोय असं अक्कानं फोनवर सांगितलं, ऐकून जिवाला बरं वाटलं. अक्कालाबी नमस्कार सांगा. आमी सगळी खुशाल हाय, फक्त लय दमलोय. का दमलोय ते सविस्तर लिहितो.

शिरवळच्या कारखान्यात मी खोकी भरून चिकटपट्टी मारायचो, तुमाला ठाऊक हायच. तिथं एक लोखंडी हात आला. तो चहाला जात न्हाई, तंबाखू मळत न्हाई, सायबाची पाठ वळली की नक्कल करत न्हाई (ती मी बरी करायचो). मग मला घरी धाडलं. घरी आलो, पण माझे हात काय थांबंनात. मीठ, साबण, आईचा चष्मा, दिसंल ते खोक्यात भरून पट्टी मारायचो. कालवणात मीठ घालायचं तर संयोगिता आधी कात्री शोधायची. शेवटी म्हणाली, "आवं, एकदा मलाबी भरा खोक्यात आणि माहेरी धाडा."

अशात पुण्याची एक संस्था गावात आली. मशिनी कामं घ्यायला लागल्यात, तर माणसाला दर महिन्याला पोटापुरते पैसे असेच दिले तर माणूस काय करतो, हे त्यांना एक वर्ष बघायचं होतं. अट कसलीच न्हाई. इथंच घोटाळा झाला बघा. अट असती तर गावानं ती आरामात मोडली असती, पण अटच न्हाई म्हटल्यावर सगळ्यांची झोप उडाली. पारावर एकमत झालं (आमच्या गावात पहिल्यांदाच), की जो रिकामा दिसंल त्याचे पैसे बंद होणार.

मग चौकशीला संस्थेच्या ब्राह्मीताई आल्या, सांगलीच्या, बोलायला लय गोड. त्यांची गाडी लांबून दिसली आणि अख्खं गाव कामाला लागलं. सुलाबाई चुलतीनं आपलं अंगण झाडलं, शेजारचं झाडलं, मग पुन्हा झाडता यावं म्हणून कचरा परत पसरला. अर्जुना तात्या, ज्यांना गावानं कवा उभं बघितलं न्हाई, ते चार म्हाताऱ्यांना घेऊन रस्त्यात आडवी चारी खणायला लागले. कशासाठी, ते त्यांनाबी म्हाईत नव्हतं. मी फांद्या छाटायला चिंचेवर चढलो. पहिलीच फांदी विजेच्या तारंवर पडली आणि गावातली लाइट गेली.

गाडीचं पुढचं चाक चारीत गेलं. गाव खूश झालं, खरं काम मिळालं! ढकलायला इतकी माणसं धावली की निम्मी पुढून ढकलत होती. गाडी जागची हलंना.

"अहो, कुणी काही करायची गरज नाही! निवांत बसा!" ब्राह्मीताई ओरडल्या.

"बघा, परीक्षा घेतीया," सुलाबाई म्हणाली आणि झाडणीचा वेग वाढवला.

मग ताईंनी वर बघितलं. "दादा, तुम्हाला स्वतःला काय करायला आवडतं?" दाजी, इतकी वर्षं राबलो, पण हे कुणी विचारलं नव्हतं. झाडावरच गहिवरून आलं, हात सुटला आणि मी तात्यांवर पडलो. मी बरा हाय. तात्याबी बरे हाईत, त्यांना आडवं व्हायला कारण मिळालं.

ताईंना म्हटलं, विचार करून सांगतो. (अजून करतोय.) संयोगितानं मात्र विचार केला न्हाई. न विचारताच म्हणाली, "मला पवायला शिकायचंय." लग्नाला बारा वर्षं झाली, मला हे ठाऊक नव्हतं. आता रोज दुपारी ती पाठीला तरंगायला रिकामा डबा बांधून विहिरीत उतरती, आणि मी काठावर तिच्या कमरेचा दोर धरून बसतो. काल तिनं डबा सोडला. चार हात गेली आणि वर बघून अशी हसली, की दोर माझ्या हातातच राहिला, ओढायचं सुचलंच न्हाई. वर आल्यावर त्याबद्दल लय शिव्या खाल्ल्या, पण गोड लागल्या.

तुमचा,
भाऊसो

ता. क. ब्राह्मीताईंनी पुण्याला कळवलं, की पैसे मिळाल्यापासून हे गाव भलतंच कष्टाळू झालंय. आता तिथली मोठी माणसं बघायला येणार हाईत, आणि गावातलं काम संपलंय. चारी खणून झाली, बुजवून झाली, पुन्हा खणून झाली. तुमच्या गोठ्याची भिंत पडलीय असं अक्का म्हणाली. तेवढे दगड ट्रॉलीत घालून इकडं पाठवा, आमी इथं बांधून दाखवतो आणि मग परत देतो.

पुन्हा ता. क. भिंत अजून उभी असंल तर तसं कळवा. माणसं पाठवतो.