ओळख न दाखवल्याबद्दल

बुधवार, १३ मार्च

बाई,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' सवयीने पडलं. खोडाखोड मला आवडत नाही, म्हणून राहू देते.

काल, मंगळवारी, सकाळी बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी, चष्म्याच्या दुकानात तुम्ही मला ओळख दाखवली नाहीत. तुम्ही नवी फ्रेम लावून आरशात बघत होतात, मागे मी उभी. आरशात नजरानजर झाली. तुम्ही फ्रेम काढून दुसरी लावलीत. तेव्हा दिसलं नाही म्हणायची सोय नाही.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, वाटेत वैरी भेटला तरी आधी गुड मॉर्निंग, भांडण मग. समुपदेशकांना एवढंही शिकवत नाहीत? हे गेल्यापासून जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, ते मी दर शनिवारी अकराला तुमच्यासमोर बसून सांगते. आणि तुम्ही माझ्याकडे दुकानातल्या स्टुलाकडे बघावं तसं बघता.

आता तुम्ही तो पहिल्या दिवशीचा फॉर्म काढाल. काढू नका, आठवतो मला. 'बाहेर भेटल्यास ओळख दाखवावी का?' या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण मीच केली. तुम्ही दोनदा विचारलंत, नक्की ना? मी ठणकावून सांगितलं, मी आधी बोलले तरच.

काल मी बोलणार होते. हात वरही नेला. पण शेजारी सून होती, म्हणून त्याच हाताने केस सारखे केले.

सुनेला मी विणकामाच्या क्लासला जाते असं सांगितलंय. दुकानाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, दर शनिवारी मीच सोडते ना तुम्हाला? खालची पाटी मलाही वाचता येते. आणि दीड वर्षात एक मफलर निघाला नाही."

माझी बोलती बंद झाली. असं क्वचित होतं, तुमच्या वहीत नोंद करून ठेवा.

मग तिने विचारलं, तिथे बरं वाटतं का. मी हो म्हटलं. कोपऱ्यावर ती थांबली.

"मग मला का नाही सांगितलंत? मी काय शेजारीण आहे?"



तेव्हा जुना फॉर्म रद्द समजावा. येत्या शनिवारी ती खाली गाडीत बसणार नाही, माझ्याबरोबर वर येणार आहे. हे चालेल का, आणि तिच्यासमोर तुम्ही मला नीट, नावाने हाक माराल का, ते शुक्रवारी दुपारी चारच्या आत लेखी कळवावं. फोन चालणार नाही. कागद तिला दाखवायचा आहे.

तुमची, दुकानातसुद्धा,
शनिवार अकराची