चतुर्थीला सोयाचं दही

शॉमबर्ग, अमेरिका,
२१ मार्च २००६

प्रिय शोभनाआत्या,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे असं लिहिलंयस, पण अक्षर पलंगावर आडवं पडून काढलेलं दिसतंय. खरं काय ते कळव. इथे बर्फ वितळतोय, पार्किंगच्या कडेला मळके ढीग तेवढे उरलेत. अंकुरचं ऑफिस व्यवस्थित. मी ठीक.

फोनवर विचारलं असतं, पण नंदूकाका स्पीकर लावतात आणि मग अख्खं घर मत देतं. मागे मी सोयाचं दही खाते म्हटलं, तर आई म्हणाली, "म्हणजे आता शेंगेला विरजण लावायचं?" साधारण तसंच आहे. इथलं दूध मला सोसत नाही, दहीही नाही. पोट दिवसभर कुरकुरतं. म्हणून वर्षभर हेच चाललंय. लहान डब्यांतून मिळतं. वास थोडा भिजवलेल्या वालांचा. जिरं-मीठ घातलं की काकडीच्या कोशिंबिरीत खपून जातं. एकदा कढी केली, ती फुटली. अंकुर म्हणाला, "कढी म्हणू नकोस, सूप म्हण, मग पितो."

पण ते खावं की नाही, यावर इथेही एकमत नाही. शेजारची सुलेखा म्हणते, "यार, सोया बंद कर. हॉर्मोन्सची वाट लागते." वरच्या मजल्यावर आश्लेषाकाकू आहेत, मुलाकडे आलेल्या. त्या म्हणतात, "कोलेस्टेरॉलला उत्तम, मी डब्यावर डबे संपवते." मग मी इंटरनेटवरचं मिळेल ते छापून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं. एक कागद म्हणतो हाडं बळकट होतात, दुसरा म्हणतो बायकांनी हातही लावू नये. अंकुरने ताट ठेवायला जागा शोधत विचारलं, "तू दही खातेयस की पीएच.डी. करतेयस?"

शाळेत जायच्या आधी तू मला ओट्याशी बसवून पेपर वाचायला शिकवायचीस, तेव्हा सांगायचीस, छापलंय म्हणून खरं नसतं, कुणी छापलंय ते बघ. बघितलं. चांगलं म्हणणारा सोया विकत होता आणि वाईट म्हणणारा कसल्याशा गोळ्या. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, खुशाल खा, फक्त थायरॉइडची गोळी घेतल्यावर चार तास जाऊ दे, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. मी वर्षभर सकाळी गोळी गिळून लगेच तोच डबा उघडत होते. डोसही वाढवलाय त्यांनी. काळजी करू नकोस, अशा वेळी वाढवतातच.

अशा वेळी, असं लिहून गेले. खोडत नाही. पण आधी चतुर्थीचं सांगते.

चतुर्थीला मी उपास केला. दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि सोबत हे दही. तेवढ्यात आश्लेषाकाकू पातेलं परत द्यायला आल्या. डबा उचलून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हे सोयाबीन. म्हणजे कडधान्य. मोडला की उपास." माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दही म्हटलं की उपासाला चालतं, एवढंच हाताला ठाऊक. अंकुर म्हणाला, "काकू, वर मोठ्या अक्षरात दही लिहिलंय. गणपती मागचं बारीक अक्षर वाचत बसत नाही." काकू हसल्या. मी रडायला लागले.

त्या हसायच्या थांबल्या. माझ्याकडे बघत खुर्ची ओढून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कितवा?" मी खिचडीत चमचा फिरवत राहिले. "बरं, नको सांगूस. पण चंद्राची वाट बघत उपाशी राहायचं नाही हं." वर जाऊन वरणभात घेऊन आल्या आणि मी जेवेपर्यंत उठल्या नाहीत.

काकू फार चांगल्या आहेत. तरी त्या गेल्यावर वाटलं, ज्यांची माझी ओळख दिवाळीपासूनची, त्यांना कळलं आणि आत्याला माहीत नाही.

दुसरा महिना चालू आहे, आत्या.

आणि हे पहिल्यांदा नाही. गेल्या जुलैत माझा फोन येत नव्हता, कॉलिंग कार्ड संपलं होतं असं मी म्हणाले, आठवतं? तेव्हा. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं आईने लग्नातच बजावलं होतं. मी थांबले. मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. जे आहे म्हणून सांगितलं नव्हतं, ते गेलं म्हणून कसं सांगायचं? अंकुर भांडी घासता घासता रडायचा, नळ मोठा सोडून. मी बाहेरच्या खोलीत बसून नळ ऐकायचे. तुमच्याशी पुन्हा बोलायला लागले तेव्हा तू विचारलंस, "आवाज का बसलाय?" मी म्हटलं, एसीमुळे.

तेव्हाही मी रोज गोळीबरोबर तेच दही खात होते. म्हणून ते सगळे कागद. डॉक्टरांना मी हे फिरवून फिरवून विचारलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवून सांगितलं, दह्याने नाही, तुझ्यामुळे नाही. अर्धा विश्वास बसलाय. उरलेला तू सांगितलंस तर बसेल.

आईला तिसरा पुरा झाल्यावर सांगेन. तिला आत्ता कळलं तर ती धास्तावेल, आणि तिला धीर देण्याइतकं बळ सध्या माझ्याकडे नाही. तू नवस बोलू नकोस, देवाला काही कबूल करू नकोस. सगळं नीट झालं तर छानच. नाही झालं, तर या वेळी निदान तुला फोन करून रडता येईल, आणि आधीचं काही समजावून सांगावं लागणार नाही. तुला माहीत असावं, एवढंच मला हवंय.

आम्हा तिघांचा नमस्कार. तिघांचा लिहिताना हात अडला, पण लिहिलं.

तुझी,
सावनी