हळू उचलायची तालीम

कासाब्लांका, ३ ऑक्टोबर

प्रिय हम्मूदादा,
सलाम वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तू कबूल करत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी टँजिअरच्या बसवाहकाच्या हाती देते आहे. सोबत बदाम वाटून केलेल्या गोड अम्लूची बरणी आहे. ती यामनावहिनीची. तू त्यात बोट घालू नकोस.

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे होते तेव्हा तू पुदिना आणायला गेला होतास. तेवढ्यात वहिनीने माझा हात धरला आणि सांगितलं की डॉक्टरांनी तिला वसंतापर्यंतचे दिवस दिलेत, आणि शेवटचं न्हाण तिला माझ्याच हातून हवंय. परक्या बाईने तिला उघडं पाहिलेलं तिला सोसणार नाही म्हणे. मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण मला घाम फुटला.

बावीस वर्षं मी आमच्या मोहल्ल्यातल्या वारलेल्या बायकांचं अखेरचं न्हाण करते. फळी जमिनीलगत असते, बसून करावं लागतं, आणि आता गुडघे ऐकत नाहीत. गेल्या वेळी मी फळीशी बसले ती बसलेच. दोघींनी बगलेत हात घालून मला उभं केलं. आधी मयत उचलावं की मला, हेच त्या बिचाऱ्यांना सुचेना. वहिनीच्या वेळी असं झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

म्हणून व्यायामशाळेत नाव घातलंय. मिठाईच्या दुकानावरच्या माडीत, फक्त बायकांची. पंधरा जणी एकदम. चाळीस सेकंद जीव खाऊन उड्या, वीस सेकंद दम, पुन्हा उड्या. शैमा नावाची पोरगी शिकवते. तू नाक मुरडशील हे ठाऊक आहे, खुशाल मुरड.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी इज्जा

टँजिअर, ११ ऑक्टोबर

चि. इज्जा हिस,
अ. उ. आ.

अम्लू पोचलं, अर्धं. उरलेलं वाहकाने खाल्लं असं मी यामनाला सांगितलंय.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा रागाने आणि एकदा करमणुकीला. अठ्ठावन्न वर्षांची बाई माडीवर उड्या मारते आणि खालच्या माणसाच्या मिठाईवर छताचा चुना पडतो. वर याचे पैसे तूच देतेस. ओरडून घ्यायला पैसे मोजायचे हे मी नवीनच ऐकतो. आमचे उस्ताद फुकट ओरडायचे, आणि तुझ्या शैमापेक्षा बरंच चांगलं.

मी तीस वर्षं कसरतीच्या फडात नऊ माणसांच्या मनोऱ्यात पायाला उभा राहिलो, हे तुला आठवण करून द्यावं लागतंय याचंच नवल वाटतं. आठ जण माझ्या अंगावर. आम्ही काय केलं होतं? समुद्रकाठच्या वाळूत जोर काढले, बैठका मारल्या, आपलं वजन आपल्या अंगाने पेललं. ना गाणी, ना घड्याळ, ना चकचकीत तुमानी. तुमची ती शाळा म्हणजे कढईत फुटाणे उडवल्यासारखी. उडतात फार, होत काही नाही. ते सोड. घरात जमिनीवर बस आणि हात न टेकता ऊठ. रोज, एकटीने. पैसे वाचतील आणि अब्रूही.

यामनाने तुला जे सांगितलं ते मला सांगितलेलं नाही, वसंताचंही नाही. मीही विचारलेलं नाही. मला कळलंय हे तू तिला कळू देऊ नकोस. ती माझ्यापुढे अजून उन्हाळ्यात पडदे बदलायच्या गोष्टी करते, मी रंग सुचवतो.

कळावे. लोभ असावा, अक्कलही असावी.
तुझा हम्मू

कासाब्लांका, ५ नोव्हेंबर

प्रिय हम्मूदादा,
सलाम वि. वि.

एकटीने, म्हणे. तुम्ही नऊ जण होतात ना वाळूत? एक जण जोर काढायचा आणि आठ जण त्याची टर उडवायचे, हे मी लहानपणी रोज पाहिलंय. तुमचा फड मोडल्यापासून तू एकट्याने किती जोर काढलेस तेही वहिनीने मला लिहिलंय. शून्य. तू खुर्चीत बसून लोकांना बैठकांचं महत्त्व सांगतोस.

इकडे माझं उत्तम चाललंय. साखर उतरली. पाण्याच्या दोन बादल्या तिसऱ्या मजल्यावर न थांबता नेते. परवा शैमाने सगळ्यांपुढे माझं नाव घेतलं आणि पंचवीस वर्षांच्या पोरींना माझ्याकडे बघायला सांगितलं. त्या बघत होत्या, मी उडत होते. तुझ्या वाळूत मला असं कुणी बघितलं असतं का? तुझ्या बैठका तुलाच लखलाभ.

वहिनीला माझा सलाम. पडद्यांना निळा रंग नको म्हणावं, लवकर विटतो.

कळावे. लोभ वाढला तर माझी हरकत नाही.
तुझी इज्जा

कासाब्लांका, २४ नोव्हेंबर

प्रिय दादा,
सलाम वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. या पत्रात चेष्टा नाही.

काल आमच्या गल्लीतल्या बतूलचं न्हाण होतं. न्हाणाच्या वेळी जे दिसतं ते बाहेर बोलायचं नसतं. बावीस वर्षांत मी एक अक्षर बोललेले नाही. पण हे तिचं नाही, माझं आहे, म्हणून तुला सांगते.

मी फळीशी फटकन बसले. बाकीच्या दोघी बघत राहिल्या आणि मला जरा मिरवावंसं वाटलं. मग खांद्याखाली हात घालून तिला कुशीवर वळवायचं होतं. अंगात ती चाळीस सेकंदांची सवय शिरलेली. मी हिसका दिला. तिचं डोकं माझ्या हातातून सुटलं आणि फळीवर आपटलं.

पाणी घालणारी पाणी घालत राहिली. मी बतूलच्या कानाशी वाकून तिची माफी मागितली. तिची मुलगी दाराबाहेरच बसली होती, तिने आवाज ऐकला असणार. बाहेर आले तेव्हा तिने माझ्या हाताचं चुंबन घेतलं, आणि मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

अंगात ताकद आली दादा, पण ती भलतीच आली. हे हात मी वहिनीला कसे लावू? शैमाला विचारलं तर ती म्हणाली की आपण वेग आणखी वाढवू या. तू सांग. थट्टा नंतर कर.

तुझी इज्जा

टँजिअर, २९ नोव्हेंबर

चि. इज्जा हिस,
अ. उ. आ.

थट्टा नंतरच करतो. यादी करून ठेवली आहे, ती बरीच लांब आहे.

तुमची शाळा उधळायला शिकवते, आणि तुला शिकायचंय धरायला. माझ्या खांद्यावर माणूस चढायचा तेव्हा मी त्याला वर ढकलत नसे. पायाच्या माणसाने ढकललं की वरच्या थरातला खाली येतो. आधी श्वास सोडायचा. मग त्याचं वजन आपल्या अंगात येऊ द्यायचं. मग उठायचं, इतकं हळू की आपल्याला कुणी उचलतंय हे वरच्याला कळू नये. हे उड्या मारणाऱ्याला जन्मात जमणार नाही.

तर असं कर. पाच श्वास खाली बसायला, पाच श्वास उठायला. जमलं की रव्याची दहा किलोची पिशवी छातीशी धरून तेच. तेही जमलं की पिशवीवर पाण्याने भरलेला चहाचा पेला ठेवायचा. सांडला की पहिल्यापासून. बतूलबाईंचं मनाला लावून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. लावून घे, म्हणजे पेला सांडणार नाही.

यामना आता जिना चढत नाही. मी तिला उचलून गच्चीवर उन्हात नेतो. सहा पायऱ्यांनंतर मला धाप लागते आणि ती माझ्या छातीवरून हात फिरवते. तू शून्य लिहिलंस ते खरं आहे.

कळावे. लोभ आहेच.
तुझा हम्मू

कासाब्लांका, १० जानेवारी

प्रिय हम्मूदादा,
सलाम वि. वि.

उड्या सोडल्या. तीन दिवस तू सांगितलंस ते एकटीने केलं. चौथ्या दिवशी पेला घेतला, त्यात चहा ओतला आणि पिऊन टाकला. एकटीने व्यायाम करणं तुझ्यासारख्या थोरांनाच जमतं, म्हणजे कुणालाच जमत नाही.

मग शाळेतल्या चौघींना आमच्या गच्चीवर बोलावलं. शैमाही तोंड वाकडं करून आली. हा म्हाताऱ्यांचा खेळ आहे असं तिने आल्या आल्या जाहीर केलं. दुसऱ्याच बैठकीला बाईसाहेबांच्या मांड्या लटपटल्या आणि पेला सांडून पाय भिजले. आता ती सगळ्यांच्या आधी येते आणि फार बोलत नाही.

आम्ही आणखी एक सुरू केलंय, ते तुझ्या उस्तादांनाही सुचलं नसतं. एक जण डोळे मिटून सतरंजीवर आडवी होते, अंग सैल सोडते. बाकीच्या तिला कुशीवर वळवतात. वळवलेलं तिला कळलं तर पुन्हा. शैमाला आधी या खेळाची भीती वाटली, मग ती स्वतःहून आडवी झाली. काल माझी पाळी होती. दादा, मला झोप लागली.

वहिनीला म्हणावं, घाई करू नकोस, इज्जाची तालीम अजून कच्ची आहे. आणि त्याचा अर्थ तुला कळत नाही असं दाखव.

कळावे. लोभ असू दे, आम्हा सहा जणींवर.
तुझी इज्जा

टँजिअर, ६ मार्च

चि. इज्जा हिस,
अ. उ. आ.

तू परत गेलीस त्याला नऊ दिवस झाले. तू घरात होतीस तेव्हा मला बोलता आलं नाही. माणसं होती, आणि मी बोललो की सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

यामनाच्या न्हाणासाठी तू आतून दार लावलंस तेव्हा मी बाहेर भिंतीला तळवा टेकून उभा राहिलो. म्हातारा आता कोसळतो असं वाटून दोघांनी मला धरलं, मी त्यांना झटकून टाकलं. पायाच्या माणसाला मान वर करता येत नाही. वर काय चाललंय ते त्याला अंगातूनच कळतं. एवढासा धक्का बसला असता तरी भिंतीतून मला कळला असता. मी पाऊण तास उभा होतो. काही कळलं नाही. इज्जे, इतकं हळू मी आयुष्यात कुणाला उचललं नाही.

यामना मला फार आवडायची. हे तिला सांगायचं राहिलं असं नाही, रोज सांगत होतो. ती म्हणायची की ओरडू नकोस.

आता माझं. मी मेलो की तुला मला हात लावता येणार नाही, ते पुरुषांचं काम. म्हणून आमच्या मशिदीत मयतांना न्हाऊ घालणारे कोण आहेत ते पाहून आलो. तिघे आहेत. दंड असे की बाह्या उसवाव्यात, आणि खाली बसायला सांगितलं की आधाराला भिंत शोधतात. एक जण तुझ्या त्या शाळेसारख्याच शाळेत जातो आणि घामाचे फोटो काढतो. दुसऱ्याने शेजारच्या म्हाताऱ्याला पोत्यासारखं पलटलं, हे त्यानेच मला सांगितलं, वर हसला. असल्यांच्या हाती मी जाणार नाही.

सोमवारपासून तिघांना पहाटे वाळूत उतरवलंय. पाच श्वास खाली, पाच श्वास वर. मधल्या वेळी मी डोळे मिटून आडवा होतो आणि ते मला कुशीवर वळवतात. ब्याऐंशी किलो आहे मी, आणि मुद्दाम मदत करत नाही. आजवर तिघांनीही मला आपटलंय. एकालाही नीट जमत नाही, तेव्हा इतक्यात मरायची सोय नाही.

कळावे. लोभ आहे, तो टिकव.
तुझा हम्मू