बकरीला घातलेली फुलं

पांढुर्णा
कोजागिरीनंतरचा मंगळवार

प्रिय वत्सला,

चव्वेचाळीस वर्षांत मी तुला नावानं हाक मारली नाही. वीरेंद्र होईपर्यंत "ऐकलं का" आणि तो झाल्यावर "वीरेंद्रची आई". आज कागदावर तुझं नाव लिहिलं आणि कोणी पाहत तर नाही ना, म्हणून उठून दार लावून आलो. अक्षर वाकडं येईल. सहावीतून शाळा सुटली, त्यानंतर जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर नंबर टाकण्यापलीकडे माझा लिहिण्याशी संबंध आला नाही. हे पत्र तू एकटीच वाच. पूनमला दाखवू नकोस, सासऱ्याचं पत्र सुनेनं वाचू नये. आणि तुळशीरामला तर फोनवर यातलं अक्षरसुद्धा सांगू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. बीपीची गोळी घेतो. घेतली की नाही ते आठवत नाही, मग पाकिटातल्या उरलेल्या मोजून पाहतो. गॅसचं बटन दोनदा पाहतो, दाराची कडी तीनदा. संध्याकाळची भाकर पलीकडची शकुबाई देते. तिची भाजी फार तिखट असते, पण देणाऱ्या बाईला कसं बोलावं? हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगून राहिलो. तू फोनवर वेलाचं विचारतेस.

होळीला पूनमनं आणलेलं ते लांब मानेचं कोहळं तू चिरलंस, तेव्हा मी हसलो होतो, की याच्या बुडाशी मूठभर बिया आणि वर नुसता गर. त्याचं बटरनट हे नाव पूनमनं तुझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तू बिया राखेत घोळून ठेवल्यास आणि जूनमध्ये मागच्या वाडीत दोन आळी करून लावल्यास. शेणखत मी टाकलं होतं, हे तुझ्या लक्षात असू दे. चार वेल उगवले, दोन-दोन पानांवर आले, आणि तू भोपाळला निघालीस. पूनमची रजा संपली, शिवानीला सांभाळायला घरचं माणूस पाहिजे, हे मला पटतं. जुलैत मीही आठ दिवस तिकडे राहून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर मी दाराकडे तोंड करून बसायचो आणि तू त्या पोरीला कडेवर घेऊन गॅलरीत कबुतरं दाखवायचीस. माझा चहा थंड व्हायचा. दीड वर्षाच्या नातीचा हेवा वाटतो, हे कोणाला सांगावं? मी परत आलो.

पण जाताना गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून म्हणाली होतीस, "कोहळी पिकली का येईन तोडाले. देठ वाळल्याबिगर हात नोका लावू जी." मी काय खाईन, कसा राहीन, याबद्दल एक शब्द नाही. तरी मी ते बोलणं धरून बसलो. कोहळी पिकली की तू येणार. कॅलेंडरवर एकशे दहा दिवस मोजले, ते दिवाळीच्या तोंडाशी येत होते. त्या तारखेवर मी पेन्सिलीनं फुली मारली आणि रोज वेलाला पाणी देऊ लागलो, पाऊस असला तरी.

मग तुझे फोन सुरू झाले. माझ्या बटनाच्या फोनवर चित्र दिसत नाही आणि मला धड ऐकूही येत नाही, कबूल. पण वेल पाहायला तू शेजारच्या तुळशीरामच्या फोनवर फोन लावशील, असं मला वाटलं नव्हतं. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली, रेल्वेतून निवृत्त होऊन सहा. वेळ भरपूर आहे त्याच्याकडे. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या फाटकातून यायचा. मांडवाखाली उभं राहायला इस्त्री लागते काय? "वहिनी, हा पाहा शेंडा. वहिनी, हे पाहा पान, माझ्या पंज्यापेक्षा मोठं." आणि मी मांडवाच्या बल्लीला धरून मागे उभा. एकदा तू विचारलंस, "थे मांगं कोन उभं हाय?" तो मी होतो.

ऑगस्टमध्ये पाऊस काही उघडेना. फुलांवर मधाच्या माशा येईनात आणि अंगठ्याएवढी फळं पिवळी पडून गळू लागली. तेव्हा पूनमनं कुठून तरी पाहून तुला सांगितलं आणि तू तुळशीरामला शिकवलंस, की ज्या फुलामागं फळाची गाठ नाही ते नर फूल, ते सकाळीच तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि गाठ असलेल्या फुलाच्या पोटात हळूच फिरवायचं. मी पुढे झालो. म्हटलं, मी करतो, माझ्याच वाडीत आहे वेल. तू म्हणालीस, "तुमचा हात थरथरते जी. नाजूक काम हाय, भाऊजीईले करू द्या." भाऊजींसमोर म्हणालीस. माझा हात थरथरतो हे मला माहीत नाही काय? पेला धरला की दिसतंच. पण आतापर्यंत ते आपल्या दोघांतच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते काम केलं. चष्मा लावून, जीभ दातात धरून. आणि वर फोनकडे पाहून म्हणतो, "घ्या वहिनी, लागलं लगीन! आता अक्षता टाका तिकून." तू हसलीस. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं, शिवानी दचकून रडायला लागेपर्यंत. वत्सला, ते हसणं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. वीरेंद्रच्या लग्नातही तू तशी हसली नव्हतीस. मी घरात आलो आणि भाकर न खाता तसाच पडून राहिलो.

आता जे सांगतो ते नीट वाच. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या आधी उठू लागलो. तो सव्वासहाला यायचा, मी साडेपाचला वाडीत. एकूण एक नर फूल तोडायचो. त्या कामाला माझा हात चालला, त्यात काही नाजूक नव्हतं. ओंजळभर फुलं शकुबाईच्या बकरीपुढं टाकायचो आणि हात धुऊन खाटेवर येऊन पडायचो. शकुबाईनं एकदा हटकलं, "काहून जी भाऊ, बकरीची पंगत काहून बसवून राहिले रोज?" मी म्हटलं, वांझ फुलं आहेत, वेलाचा जोर खातात. ती म्हणाली, "मंग बाई आल्यावर सांगतो तिले, बुढा वेलाची लई काळजी घेते मनून." गोटमारीच्या दिवशी सगळं गाव नदीवर दगडफेकीला गेलं होतं, त्या दिवशीही मी वाडीत तेच करत होतो.

तुझ्या गळ्याची शपथ, वेलाचं वाईट करावं हे माझ्या मनात नव्हतं. मला वाटायचं, माझ्या आईच्या कोहळ्याचं कोणी लगीन लावलं होतं? तरी छपरावर फळं मावायची नाहीत. हे आपलं तुळशीरामचं थोतांड. त्याला फुलं मिळाली नाहीत म्हणजे त्याचं येणं बंद होईल, आणि पाऊस उघडला की माशा त्यांचं काम करतीलच. पण तोडून टाकलेल्या फुलांवर माशा तरी काय करणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अकरा दिवस मी हे केलं. त्या अकरा दिवसांत मादी फुलं सगळ्यात जास्त आली होती. एकही टिकलं नाही. पुढे पानांवर भुरी पडली आणि मांडव नुसता दोऱ्यांचा राहिला.

आणि तू तुळशीरामवर रागावलीस. "तुम्ही उशिरा उठत असान भाऊजी. फूल मिटल्यावर जाऊन काय फायदा?" तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं वहिनी. माझाच आळस नडला." मी मागे उभा होतो. खोटं कशाला लिहू, मला गोड वाटलं. वाटलं, बरं झालं, आता कळलं हिला. तेवढ्यात तू म्हणालीस, "जाऊ द्या. फळच नाही त दिवाळीले येऊन काय करू? इकडं पूनमलेही सुट्टी नाही. उन्हाळ्यात पाहू." सगळं मला ऐकू आलं, एकदा तरी कान चांगला चालला. उन्हाळा म्हणजे आणखी सहा महिने. कॅलेंडरवरची फुली मी खोडरबरानं खोडली तर कागदच फाटला.

हे कबूल करायचं धाडस मला झालं नसतं. काल तुळशीराम आला, फोन न घेता. म्हणाला, "गुणवंताभाऊ, जरा इकून या." त्याच्या न्हाणीच्या टिनामागं, आपल्या वेलाचा एक फाटा भिंत ओलांडून गेला होता, आणि तिथे एक फळ होतं. मी फुलं तोडायला लागायच्या आधी धरलेलं असावं. चांगलं दीड वीत लांब, पिकल्या रंगाचं, देठ वाळून बुचासारखा झालेला. तुळशीराम म्हणाला, "नख रुतून नाही राहिलं. तुमचा वेल हाय, तुम्हीच तोडा." दोन बोटं देठ ठेवून कापायचं असतं. त्यानं कात्री माझ्या हातात दिली आणि स्वतः पाठ फिरवून नळ सोडत बसला, मी कितीदा चुकलो ते त्यानं पाहिलं नाही.

फळ मांडीवर घेऊन मी तिथेच बसलो. तो म्हणाला, "बकरीच्या तोंडाले रोज पिवळं लागलेलं असे, भाऊ. रेल्वेत तीस वर्षं सिग्नल पाहिले म्या, येवढंही नाही दिसनार का?" मी विचारलं, मग तिला सांगितलं का नाहीस? शिव्या का खाल्ल्यास? तर म्हणतो, "माझी बाई असती अन् दुसऱ्यासंगं अशी हासली असती, त म्या फुलं काय, वेलच उपटून टाकला असता." आणि हसला. वत्सला, मला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच क्षणी त्याचा पुन्हा राग आला. चांगुलपणातही हा माणूस माझ्या पुढं जाऊन बसला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आज सकाळी तो म्हणाला, "वहिनीले फोन लावून फळ दाखवतो, त्या येतीन पाहा कोहळं पिकल्याचं ऐकून." मी नको म्हटलं. ते फळ मी त्यालाच देऊन टाकलं. म्हटलं, तुझ्या भिंतीआड पिकलं, तुझं आहे, भाजी करून खा. तो घेईना, तर दारात ठेवून आलो. त्याच्या भिंतीआड पिकलेल्या कोहळ्यासाठी तू शंभर कोसांवरून यावंस, हे मला सहन होणार नाही. हे पत्र त्यासाठीच लिहिलं. फोनवर सांगायचं तर माझ्या फोनवर मला ऐकू येत नाही, आणि दुसरा फोन त्याचा, तो बाजूला उभा. आता इथे तोडायला काही नाही. वाडी रिकामी आहे, मांडव काढून ठेवला आहे, वेल मी माझ्या हातानं बुडवला. घरात फक्त मी आहे. पूनमला काय सांगायचं ते तू ठरव, शिवानीला हवं तर सोबत आण, तिला मी अंगणात फिरवीन. दिवाळीला ये. कशासाठी, असं कोणी विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझाच, आणि तू नाव घेत नाहीस म्हणून मीच लिहितो,
गुणवंता