न दिलेला रिलीज

बाबा, रविवारी आपल्या क्लबने नागपूरची लीग जिंकली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. कामठीत गुलाल उधळला, डीजे लावला, बॅनरवर मधोमध तुमचा फोटो होता, हार घातलेला. तुम्हाला वाटेल पोरगी आनंदाची बातमी द्यायला बसली आहे. तसं नाही. मला शिसारी आली आहे. आज बुधवार, तरी ती जात नाही. घरात कोणाला सांगावं तर ते म्हणतात, अगं जिंकलात ना, मग तोंड असं का? फुटबॉलमधलं ज्यांना कळतं ते सगळे सध्या एकमेकांना पेढे भरवतायत. म्हणून तुम्हाला लिहिते.

सामना कसा झाला ते आधी सांगते, कारण तुम्ही नेहमी तेच आधी विचारायचे, कोण जिंकलं ते नंतर. आपल्या अकरा जणांत कामठीचे दोनच होते, गोलकीपर आणि राइट बॅक. बाकी नऊ बाहेरून आणलेले, फक्त या हंगामापुरते. मागे पाच जणांची रांग, तिच्यापुढे चार जणांची दुसरी रांग, आणि पुढे एकटा एक उंच फॉरवर्ड, विजेच्या खांबासारखा. गोलकीपरने बॉल हातात घ्यायचा आणि त्या खांबाकडे लाथाडायचा. लागला तर लागला, नाही तर सगळे पुन्हा मागे. पहिल्या हाफमध्ये आपण सलग तीन पास दिलेले मी पाहिले नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये लांबून थ्रो आला, खांबाचं डोकं लागलं, गोल. त्यानंतर जे चाललं त्याला मी काय म्हणू? एक जण पोटरी धरून झोपायचा, तो उठला की दुसरा झोपायचा. गोलकीपर बुटाची नाडी बांधत होता, तीच नाडी, तीनदा. बॉल भिंतीपलीकडे रस्त्यावर मारून सगळे कमरेवर हात ठेवून उभे. आणि आपला कोच लाइनवरून हातवारे करत होता, “बैठ जा, बैठ जा!” आपलेच लोक त्यावर टाळ्या वाजवत होते. तुमच्याबरोबर मागावर काम केलेले ते काका माझ्या शेजारी बसले होते. क्लबच्या कमिटीत जुन्यांपैकी आता तेच उरलेत. ते म्हणाले, “याले फुटबॉल म्हणते का वं बाई? हे त शटर पाडून आत बसले.”

तुमचा खेळ मला आठवतो तो पाळी सुटल्यानंतरचा. तुम्ही कारखान्यातून थेट मैदानावर येता, भुवयांवर कापसाचे तंतू, पांढरे, जणू एका दिवसात म्हातारे झालात. मागाच्या खडखडाटाने तुमचे कान तेव्हाच गेलेले, म्हणून तुम्ही ओरडून शिकवत नाही, हाताने दाखवता. तळहात जमिनीकडे करून दाबल्यासारखं करता, म्हणजे बॉल खाली. मी पहिल्यांदा बॉल उंच मारला तेव्हा मात्र बोललात. “बॉल खाली ठेव वं. वर आपला कोणी खेळाडू नाही.” सातवीत होते मी. मागात धोट्याला ठोसा देणारा चामड्याचा तुकडा झिजला की फेकून देत, तसे तुकडे तुम्ही गोळा केले, गोल कापले आणि माझ्या कॅनव्हासच्या बुटांना तळाशी खिळ्यांनी ठोकले. मोहल्ल्यात मुलीच्या पायात स्टडचे बूट, त्यावर आईला बायकांनी काय काय ऐकवलं. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, किंवा तुम्ही तसं दाखवलं.

आणि तो दिवस. पोरांबरोबर सरावाचा सामना, शिट्टी तुमच्याकडे. गोलसमोर एकाचा पाय माझ्याजवळून नुसता गेला आणि मी धाडकन पडले. पेनल्टी मिळेल म्हणून पडूनच राहिले. शिट्टी वाजली नाही. तुम्ही चालत आलात.

“कोणं पाडलं तुले?”

मी इकडेतिकडे पाहिलं. जवळ कोणीच नव्हतं.

“मंग उठ. जमिनीनं तुयं काय बिघडवलं? तिच्यावर काहून लोळून राहिली?”

आठ दिवस मला खेळू दिलं नाहीत. मी बाहेर बसून इतरांचा खेळ पाहिला. तेव्हा मी तुमचा रागराग केला. रविवारी आपले खेळाडू एकामागून एक लोळत असताना मला सारखं वाटत होतं, आता कोणी तरी आत चालत जाईल आणि विचारेल. कोणी गेलं नाही.

पण शिसारी लोळण्याची नाही, बाबा. ते तर सगळीकडेच चालतं, टीव्हीवरचे मोठे मोठेही लोळतात. मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि ते सांगायला मी उगाच गोलगोल फिरते आहे.

तुम्ही कॅप्टन होतात त्या वर्षी आपल्या लेफ्ट आउटला नागपूरच्या एका ऑफिसच्या टीमने बोलावलं. त्यांच्याकडून खेळायचं आणि तिथेच नोकरी. एका क्लबातून दुसऱ्यात जायचं तर आधीच्या क्लबकडून रिलीज लिहून घ्यावा लागतो, आणि सेमीफायनल तोंडावर आलेली. सगळी कमिटी आपल्या स्वयंपाकघरात जमली, कारण बाहेरच्या खोलीत आजी आजारी होती. आई भाकरी थापते आहे, मी चुलीजवळ बसले आहे, आणि पाच-सहा माणसं तुम्हाला समजावतायत की सही आत्ता करू नका, सेमीफायनल होऊ द्या. तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होता, ओठ वाचत. मग म्हणालात, “त्याचे पाय क्लबचे नाही गा. त्याच्या मायनं देल्ले त्याले.” आणि सही केलीत. त्याच हंगामात त्याच्या टीमने आपल्याला हरवलं, गोल त्याचाच. सामना संपल्यावर तुम्ही मैदान ओलांडून गेलात आणि त्याच्या पाठीवर थाप मारलीत. पानठेल्यावरची माणसं महिनाभर तुमच्याशी बोलली नाहीत. मीही बोलले नाही. शेवटी न राहवून विचारलं, बाबा, काहून केली सही? तुम्ही जेवत होता. म्हणालात, “त्याच्या घरी चूल नीट पेटली आता. कप आला असता तं तुही माय त्यात भात शिजवनार होती का?”

आता यंदाचं. यंदाही आपला सगळ्यात चांगला खेळाडू लेफ्ट आउटच होता. आपल्या मागच्या गल्लीतला, विणकराचा नातू. माझ्याच शाळेत होता, सातवीत मी त्याला भूगोल शिकवला. डाव्या पायाने असा वळतो की समोरचा बॅक स्वतःभोवती फिरून खाली बसतो. तुम्ही पाहायला हवा होता. पण नव्या सचिवाने बाहेरचे नऊ आणले आणि नवा कोच म्हणाला, पोरगा सिस्टिममध्ये बसत नाही, बॉल पायात फार ठेवतो. म्हणून तो बेंचवर. तिथून पाच जणांची रांग पाहत बसायचा. हंगामाच्या मध्यावर एका ऑफिसच्या टीमने त्याला मागितलं. उरलेली लीग त्यांच्याकडून खेळ, खेळ पाहून खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. वयाच्या अटीत तो यंदापुरताच बसत होता. त्याने रिलीजचा अर्ज केला.

तुमच्या नावामुळे मला क्लबचं उपाध्यक्ष केलंय, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. मी त्या बैठकीला होते. सचिवाच्या घरी, सोफ्यावर, समोर कचोऱ्या. सचिव म्हणाला, “तो आपल्याच विरुद्ध खेळन. आपल्या साऱ्या चाली त्याले माहीत हाय.”

काका म्हणाले, “चाली? एकच त चाल हाय तुमची. आन् एवढी भीती वाटते तं खेळवा ना त्याले.”

“खेळवायचं नाही काका, आन् सोडायचं बी नाही. एका सीझनचा त प्रश्न हाय.”

हात वर करायचे ठरले. आम्ही पाच जण. दोन इकडे, दोन तिकडे. सगळे माझ्याकडे पाहू लागले. काका तर हसत होते, त्यांना खात्रीच होती, मी तुमची मुलगी.

मी हात वर केला, बाबा. न सोडण्याच्या बाजूने.

कारणं मी तेव्हाच जमवून ठेवली होती. एक वर्ष तर आहे. पुढच्या वर्षी दुसरी नोकरी निघेल. इतक्या वर्षांनी कप येतोय, बाबांचा क्लब आहे. वयाच्या अटीचं अर्जात लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. काका उठून गेले. कचोरी तशीच ठेवून.

रविवारी गुलाल उडत असताना तो उंच फॉरवर्ड खांद्यावर बॅग घेऊन माझ्याजवळ आला. “मैडम, स्टेशन के लिए ऑटो कहाँ से मिलेगा?” मी विचारलं, रुकोगे नहीं? म्हणाला, परसों दूसरी जगह मैच है. मग बॅनरकडे पाहून त्याने विचारलं, “ये फोटो किनका है?” मी म्हटलं, मेरे बाबा का. त्याने फोटोला हात जोडले आणि गेला. त्या मुलावर माझा राग नाही. एक कारखाना बंद पडला की तुम्हीही दुसऱ्या कारखान्यात जायचे, तसा तो जातो. पण ज्याच्या डोक्याने आपण कप जिंकला त्याला आपण कोण हे ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला आपण क्लबात अडकवून ठेवलं होतं.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. क्लबच्या लेटरहेडवर स्वतःच्या हाताने रिलीज लिहिला, सही-शिक्का केला. त्याच्या आईला फोन केला तर म्हणाली, तो काटोलला असतो आता, फळबाजारात. मी एसटीने गेले. संत्र्यांचे ढीग, क्रेट, ट्रक, आणि त्यात तो, क्रेट उचलून ट्रकवर देत होता.

“ताई, तुम्ही इथं?”

मी कागद पुढे केला. त्याने हात पँटला पुसले, वाचला. “तारीख आजची हाय.”

“हो.”

“तिथली जागा भरली, ताई. दुसऱ्या पोट्ट्याले घेतलं त्याइनं.”

ट्रकवरचा माणूस त्याला हाक मारत होता. मी म्हटलं, “त्या मीटिंगमध्ये माझाही हात वर होता.”

“माहीत हाय मले. काकानं सांगतलं.”

“मग मला काही बोलला काहून नाहीस?”

“तुमाले काय बोलू? तुम्ही आमच्या बाई.” त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली. मग एकदम त्याचा चेहरा बदलला, शाळेत असायचा तसा झाला. “गोल कसा झाला पण?”

“थ्रोवर. हेडर.”

“म्हंजे पायानं नाहीच.” तो हसला. मोठ्याने, खरंखुरं. “कागद ठेवतो, ताई. नदीपल्याड एक लहान क्लब हाय, खालच्या डिव्हिजनचा. त्याइले लेफ्ट आउट पाहिजे. रविवारचा खेळीन.” आणि क्रेट उचलून गेला. माझ्यावर ओरडला असता तर मला सोपं झालं असतं.

काल सचिवाकडे राजीनामा दिला. म्हणाला, “जिंकल्यावर कोणी राजीनामा देते का, ताई?” आणि ड्रॉवरमध्ये टाकला. त्याच्याबद्दल मला आता काही वाटत नाही. पाच जणांची रांग, ते लोळणं, माणसाला वापरायचं नाही आणि सोडायचंही नाही हा हिशेबीपणा, सगळ्याचा मला वीट आलाय. पण तो सचिव निदान हेच करायला आला होता. मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकलेलं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक शेवटचं लिहिते. तो थ्रो आला, बॉल जाळीत गेला, तेव्हा मी खुर्चीवरून उठले आणि दोन्ही हात वर करून इतकी ओरडले की काका माझ्याकडे पाहतच राहिले. नुसती ओरडले नाही, नाचले. घसा अजून बसलेला आहे. आज वर्गात मुलींनी विचारलं, बाई, आवाजाला काय झालं? मी म्हटलं, सर्दी झाली आहे.